गाडीला पॉलिश लावणे सोपे, पुसून काढणे अवघड

पॉलिशच्या बाटलीमागे बहुधा एवढीच सूचना असते: लावा, वाळू द्या आणि मऊ फडक्याने पुसून टाका. गाडीच्या रंगाची गेलेली झळाळी परत आणताना मला जो त्रास झाला, तो जवळजवळ सगळा या सूचनेच्या शेवटच्या दोन शब्दांत झाला. काम पूर्ण झाले, गाडी मनासारखी दिसू लागली, तरी त्या सूचनेवरचा माझा राग गेलेला नाही. मुंबईत, सोसायटीच्या उघड्या आवारात हे काम स्वतःच्या हाताने करू पाहणाऱ्याला ती पुरत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गाडी 2011 सालची, गडद निळ्या रंगाची सेदान आहे. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो आणि आमच्या सोसायटीत झाकलेले पार्किंग नाही. त्यामुळे दुपारचे ऊन, शेजारच्या पुनर्विकासाची सिमेंटमिश्रित धूळ, कबुतरांची विष्ठा आणि पर्जन्यवृक्षाखाली पडणारे चिकट थेंब या सगळ्याचा मारा तिने वर्षानुवर्षे सोसला आहे. पण रंगाचे खरे नुकसान रोजच्या पुसण्याने झाले होते. पहाटे गाड्या पुसायला येणारा माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात रांगेतल्या सगळ्या गाड्या आटोपतो. पहिल्या गाडीवरची रेती त्याच फडक्यातून पुढच्या प्रत्येक गाडीवर घासली जाते. उन्हात पाहिले की बॉनेटवर बारीक गोलाकार रेषांचे जाळे दिसायचे आणि निळा रंग राखाडी वाटायचा.

या रेषा मूळ रंगात नसतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. रंगावर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो, त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला तोच वाचवतो. रेषा त्या थरात पडतात, त्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि रंग निस्तेज दिसतो. पॉलिशमधले बारीक घर्षणकण या थराचा अगदी वरचा पापुद्रा घासून सपाट करतात. म्हणजे प्रत्येक पॉलिशमागे हा थर थोडा कमी होतो, आणि एकदा गेलेला परत येत नाही. गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेण्याची आपल्याकडची पद्धत मला म्हणूनच मान्य नाही. एकदा नीट करावे आणि मग जपावे, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वतयारी कोणत्याही अडचणीविना पार पडली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका अर्जावर मीटर रूममधला प्लग वापरू दिला. गाडी शाम्पूने धुतली, क्ले, म्हणजे खास मातीसारखा मऊ गोळा, फिरवून रंगात रुतलेले कण काढले, रबराच्या पट्ट्या, काळे प्लास्टिक आणि दारांच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकल्या. पॉलिश फिरवायचे यंत्र मी ड्युअल अ‍ॅक्शन प्रकारचे घेतले, कारण त्याचा पॅड फिरतो आणि त्याच वेळी डुलतो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही आणि नवख्या हातात रंग जळण्याचा धोका पुष्कळ कमी असतो. बॉनेटच्या एका कोपऱ्यावर, सुमारे दोन फूट चौरस भागात, मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश वापरून आधी चाचणी घेतली. तो कोपरा इतका सुरेख निघाला की उरलेले बॉनेट सहज होईल, असे कोणालाही वाटले असते.

तिथेच काम अडले. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पॉलिश सगळ्या बॉनेटवर पसरले, यंत्र फिरवले, पांढरट झाक येऊ दिली आणि मायक्रोफायबरचे फडके फिरवले. बॉनेटच्या मधल्या भागात ते पॉलिश निघेचना, नुसते इकडून तिकडे सरकू लागले. फडके पुढे जाई आणि मागे तेलकट, इंद्रधनुषी फराटा राही. दुसऱ्यांदा पुसले की तो फराटा दिशा बदले, इतकेच. हेडलाइटच्या बाजूला मात्र नेमके उलटे झाले होते. तिथे पॉलिश भिंतीला चुन्याचा हात दिल्यासारखे घट्ट बसले होते आणि फडके त्यावरून नुसते घसरत होते. ओल्या फडक्यानेही उपयोग झाला नाही, कारण पॉलिशमध्ये तेल असते आणि साध्या पाण्याने तेल हलत नाही. ज्या दुकानातून बाटली घेतली होती, तिथे फोन केला, तर उत्तर मिळाले, "मॅडम, जोर लावून घासा, निघेल." हा सल्ला चुकीचाच नव्हे, तर घातक आहे. वाळलेल्या पॉलिशमध्ये घर्षणकण असतात. ते कोरड्या फडक्याखाली दाबून घासले, की ज्या रेषा घालवण्यासाठी सगळा खटाटोप केला, त्याच नव्याने पडतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिले, तेव्हा हेडलाइटजवळ तशा तीनचार ताज्या रेषा मला स्पष्ट दिसल्या आणि मी हात थांबवला.

उत्तर मिळाले ते आमच्याच रस्त्यावरच्या एका जुन्या पेंटरकाकांकडून. त्यांनी बॉनेटवर हाताची मागची बाजू ठेवली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ताई, पत्रा तापलाय. आणि माल फार पडलाय. पाणी नका मारू, जोर नका लावू. तेच पॉलिश बोटभर परत लावा, फिरवा आणि ओलं असतानाच पुसा." मी त्यांच्यासमोरच हेडलाइटजवळच्या कडक डागावर ताज्या पॉलिशचे दोन थेंब टाकले, पॅड हलक्या हाताने फिरवला आणि लगेच पुसले. डाग निघाला. नव्या पॉलिशमधली तेले आणि द्रावके वाळलेल्या थराला पुन्हा ओले करतात आणि दोन्ही थर मिळून फडक्यात येतात. इतकी साधी गोष्ट बाटलीवर छापायला किती जागा लागली असती?

कारण समजले की पुढचे सगळे सोपे होते. यंत्राने लावायच्या पॉलिशमध्ये घर्षणकणांबरोबर पाणी, तेल आणि द्रावके असतात. तापलेल्या पत्र्यावर पाणी आणि द्रावके झटकन उडून जातात आणि मागे राहिलेले कण घट्ट बसतात. हवा दमट असेल आणि थर जाड असेल, तर मात्र पाणी लवकर उडत नाही आणि थर चिकट राहतो. आमच्या इमारतीची सावली सकाळी उशिरा बॉनेटच्या अर्ध्याच भागावर पडते, म्हणून एकाच बॉनेटवर एका बाजूला कडक आणि मध्ये चिकट असे दोन्ही प्रकार मला एकाच वेळी पाहायला मिळाले. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज 80 टक्क्यांच्या वर असते, तेव्हा हे काम उघड्यावर काढूच नये. डिसेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ, ऊन चढण्याआधीची, सर्वांत चांगली. सावलीत आणलेला पत्राही बराच वेळ गरम राहतो. हाताची मागची बाजू ठेवून तो थंड लागला, तरच बाटली उघडावी.

पुसण्याची जी पद्धत मला अखेर जमली, ती अशी. एका वेळी दोन फूट चौरसापेक्षा मोठा भाग घ्यायचा नाही. पॅडवर वाटाण्याएवढे तीनचार थेंब पुरतात. पॅड अगदी नवा असेल तर एखादा थेंब जास्त. यंत्राच्या सर्वांत कमी वेगावर पॉलिश पसरायचे, मग चौथ्या-पाचव्या वेगावर आधी आडवे आणि मग उभे, असे चार ते सहा फेरे सावकाश घ्यायचे. यंत्र सेकंदाला सुमारे एक इंच सरकले पाहिजे, आणि आपल्याला मात्र घाई झालेली असते. थर पातळ आणि जवळजवळ पारदर्शक दिसू लागला, की यंत्र बंद करून लगेच पुसायचे. पांढरी झाक येण्याची वाट पाहायची नाही. दोन फडकी हाताशी ठेवायची. पहिल्याने बहुतेक माल उचलायचा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने राहिलेली तेलकट छटा काढायची. 300 ते 400 जीएसएमचे (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचे) मायक्रोफायबर चारपदरी घडी केले, की त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू भरली की पुढची उघडायची. फडक्यावर हाताचे वजन पडेल तेवढेच पुरे. जास्त दाब द्यावासा वाटला, तर पॉलिश जास्त पडले आहे किंवा वाळले आहे, असे समजून पेंटरकाकांचा उपाय करावा.

पॅडकडे दुर्लक्ष झाले तरी हाच त्रास होतो. प्रत्येक भाग झाल्यावर पॅड ब्रशने झाडला नाही, तर त्यात जुने पॉलिश आणि घासलेल्या क्लिअर कोटची भुकटी साचते, पॅड तापतो आणि तो चिकट गाळ पुन्हा गाडीवर येतो. छत आणि डिकी करताना मी चार पॅड आलटून पालटून वापरले आणि तिथे पुसायला काहीच कष्ट पडले नाहीत. बॉनेटपुढे ती कामे इतकी सुरळीत झाली की त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

एक महत्त्वाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. वाळू देऊन पुसण्याची सूचना काही उत्पादनांच्या बाबतीत बरोबरच असते. मेण किंवा सीलंट (रंगावर संरक्षक थर देणारे द्रव) यांत साधारणपणे घर्षणकण नसतात. ते पातळ लावून झाक येऊ द्यावी लागते. बोट ओढून पाहावे: मागे स्वच्छ रेघ उमटली तर पुसायला तयार, चिकट माग राहिला तर अजून थांबायचे. दमट दिवशी हे थांबणे बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा बरेच जास्त होते. घर्षणकण असलेल्या, यंत्राने लावायच्या पॉलिशला मात्र बहुतेक वेळा ओले असतानाच काढणे सोयीचे ठरते. दुकानात या सगळ्या बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि विकणारा तिन्हींसाठी तेच एक वाक्य सांगतो, याची मला मनापासून चीड येते.

पुसून झालेला रंग लगेच खरा मानू नये. पॉलिशचे तेल बारीक रेषांमध्ये भरून बसते आणि त्या लपवते. पुढच्या दोनतीन धुण्यांत तेल गेले की रेषा परत दिसतात. हे तेल काढून टाकणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल 10 ते 15 टक्के राहील इतके पातळ करून प्रत्येक भागावर फवारावे आणि स्वच्छ फडक्याने पुसावे, म्हणजे खरे काय झाले ते कळते. हे अल्कोहोल मला दक्षिण मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळाले. पातळ करायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरावे. नुकत्याच रंगवलेल्या भागावर हे वापरू नये आणि जवळपास विडी-सिगारेट पेटलेली नसावी. अल्कोहोलने पुसल्यावर बॉनेटमध्ये समोरच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ, काठ न फुटता दिसले, तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. याच कामाला चौदा हजार रुपये खर्च सांगणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाकडे गाडी दिली असती, तर तो आनंद मला मिळाला नसता.

पाण्याबद्दल आधी लिहायचे राहिले. आमच्या सोसायटीत गाड्या धुवायला बोअरवेलचे पाणी देतात. त्यातले क्षार वाळले की पांढरे ठिपके पडतात, आणि पॉलिश केलेल्या गडद रंगावर ते फार उठून दिसतात. शेवटचे पाणी मी महापालिकेच्या नळाचे, एक बादली, घरून खाली आणते. तानसा-भातशाचे पाणी त्या मानाने मऊ असते. तरीही गाडी वाऱ्यावर वाळू न देता लगेच टिपून घ्यावी.

फडकी जमिनीवर पडली, तर त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नयेत. ती इतर कपड्यांपासून वेगळी धुवावीत आणि फॅब्रिक कंडिशनर टाळावा, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून फडके शोषून घेईनासे होते. काम करताना तोंडावर मास्क ठेवावा. वाळलेल्या पॉलिशची भुकटी बारीक असते आणि घशात जाते.

पहाटे गाड्या पुसणाऱ्या दादांना मी आता आमच्या गाडीपुरत्या दोन बादल्या आणि वेगळी फडकी दिली आहेत, आणि धूळ जास्त असेल त्या दिवशी नुसते पाणी ओतून सोडायला सांगितले आहे. त्यांनी ते आनंदाने मान्य केले. पॉलिशनंतर काही दिवस दारांच्या फटींतून, पेट्रोलच्या झाकणाखालून आणि मागच्या अक्षरांच्या कडांमधून पांढरी भुकटी बाहेर येत राहते. ती फडक्याने ओढू नये, रंगकामाच्या मऊ ब्रशने आधी झाडावी आणि मगच पुसावी.