आजीचे उपास

तुकोबांच्या पालखीबरोबर चालताना दिवसभर कुणी ना कुणी विचारत असतं, ‘माउली, जेवला का?’ दिंडीतले विचारतात, रस्त्याकडेला केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटणारी पोरं विचारतात, लोणी काळभोरला कुणाच्या ओसरीवर पथारी टाकली तर त्या घरची सून विचारते. पोटात काही असो-नसो, माझ्या तोंडून एकच उत्तर निघायचं: ‘झालंय माझं.’

हे उत्तर मला आईनं शिकवलं, १९७२ च्या दुष्काळात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमचं गाव मंगळवेढा तालुक्यातलं, काळ्या रानाचं. परतीच्या पावसावर ज्वारी यायची आणि पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, जायची. त्याआधीची सालंही ओढीचीच गेली होती, पण त्या साली पेवाच्या तळाचे दाणेसुद्धा खराट्यानं गोळा करून झाले. पाणी आडात थोडंफार होतं. आमच्याकडची जुनी माणसं अजून म्हणतात, बहात्तरला पाणी होतं पण दाणा नव्हता, नंतरच्या दुष्काळांत दाणा होता पण पाणी नव्हतं.

जमीन होती, बैलजोडी होती, घराला मान होता. आणि आई-वडील खडी फोडायला जायला लागले. एकटे तेच नव्हते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी तेव्हा नुकती पाय रोवत होती, तिचा कायदा व्हायला १९७७ उजाडलं. त्या कामांनी आम्हाला जगवलं हे मी कुणासमोरही सांगेन. पण आई खडीच्या ढिगावर बसली की पदर पार नाकापर्यंत ओढून घ्यायची. शेजारी आमच्याच भावकीतली चुलती तसाच पदर ओढून बसलेली असायची. दोघी दिवसभर हातोडी चालवायच्या आणि एकमेकींना ओळख द्यायच्या नाहीत. संध्याकाळी घराकडं वळताना आई मला बजावायची, ‘कुनी इचारलं तर जेवून आलोय म्हनायचं.’

आम्ही दामाजीपंतांच्या मुलखातली माणसं. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असते. तरी आपल्या घरात दाणा नाही, हे शेजाऱ्याला सांगणं मरणाहून जड होतं.

रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकताना तुटायची. कामावर सुकडी वाटत, तिचा गोडूस वास मला आजही येतो. भाकऱ्या मोजून व्हायच्या आणि जेवायला बसलं की आजी म्हणायची, ‘आज माजा उपास हाय.’ सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चतुर्थी आणि एकादशी वेगळ्याच. तिच्या वाटणीची भाकरी आम्हा भावंडांत वाटली जायची. आमची आजी फार देवभोळी आहे, असं मला वाटायचं. उन्हाळ्याच्या शेवटी ती गेली. म्हातारपणानं गेली, असं सगळे म्हणाले आणि पुढं घरात कायम तसंच म्हटलं गेलं.

पुढं मी अंगणवाडी सेविका झाले. १९७५ साली सुरू झालेली बालविकास योजना आमच्या भागात आल्यावरची गोष्ट. पोरांची वजनं घ्यायची, आहार द्यायचा, नोंदी ठेवायच्या. ‘सकाळी काय खाल्लंस?’ विचारल्यावर जे पोर विचार न करता झटकन ‘खाल्लं की’ म्हणायचं, त्याच्या ताटलीत मी आधी वाढायचे. सोबतच्या बायका विचारायच्या, तुम्हाला कसं कळतं? मी हसून विषय बदलायचे. वजनकाटा पुष्कळ सांगतो, पण ते उत्तर मला काट्याच्या आधी ऐकू यायचं. माझ्या भुकेचा या जगात कुणाला उपयोग झाला असेल, तर तो एवढा.

यंदा यवतला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. यवतकर पिठलं-भाकरीनं पालखीचं स्वागत करतात. घरोघरी भाकऱ्या भाजल्या जातात, काळभैरवनाथाच्या देवळापाशी मोठमोठ्या कढयांत पिठलं शिजतं आणि वारकऱ्यांच्या पंगतीवर पंगती उठतात. मी कडेला उभी होते. वाढणारी एक म्हातारी जवळ आली. मी सवयीनं म्हटलं, ‘झालंय माझं.’ तिनं माझ्याकडं नीट बघितलं. ‘ज्येचं झालंय त्यो पंगतीकडं असं बघत न्हाय, बाय,’ असं म्हणून तिनं हाताला धरून मला बसवलंच. इतकी वर्षं मी पोरांना ज्या खुणेनं ओळखलं, त्याच खुणेनं या वयात मला कुणीतरी ओळखलं होतं. पानात पिठलं पडलं आणि मला घास गिळेना, इतकं रडू आलं. म्हातारी काही विचारत बसली नाही, आणखी एक भाकरी टाकून पुढं गेली.

रात्री कीर्तनाला तुकोबांचा आत्मचरित्राचा अभंग होता. ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ पुढचाच चरण ‘लज्जा वाटे जीवा’ असा सुरू होतो. हा अभंग मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण त्या रात्री तो आमच्या घराचा वाटला. १६३० च्या त्या दुष्काळात सावकारीच्या, महाजनकीच्या घरातली रखमाबाई, तुकोबांची पहिली बायको, उपासमारीनं गेली आणि तिचा नवरा ते सगळ्यांसमोर सांगतो. देवाची इच्छा, आजार, नशीब यांतलं काही मध्ये आणत नाही. अन्न अन्न करता मेली. लाज वाटली, हेही सांगतो. परंपरा सांगते की पुढं त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली.

वरवंडचा मुक्काम हलला आणि रोटी घाटाच्या चढाला आम्ही लागलो. डोक्यावर तुळस घेतलेली आमच्या दिंडीतली एक जण बाजूनं चालत होती. मी तिला म्हटलं, ‘माउली, आमची आजी बहात्तरला उपाशी राहून गेली.’ एवढं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. ती चालता चालता म्हणाली, ‘आमच्यात धाकटा भाऊ गेला. गोवर झाला म्हनत्यात. पर आंगावर मांस कुठं हुतं त्येच्या?’ मागून एक आवाज आला, मग आणखी एक. आंबाडीच्या बोंडांचं कालवण, चाऱ्यावाचून सोडून दिलेली जनावरं, मंगळसूत्रातले मणी मोडून आणलेलं पीठ. घाट संपून उंडवडीचा माळ लागला तरी बायका बोलत होत्या. मध्येच अभंग यायचा, टाळ वाजायचे, ओवी संपली की जिथं थांबलं होतं तिथून कुणीतरी पुन्हा सुरू करायची.

‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ असंही तुकोबा म्हणतात. दुष्काळानं पीडा केली तेही बरं झालं, म्हणतात. त्यांचा तो अधिकार. स्वतःच्या भुकेपुरतं मीही तसं म्हणेन, कारण अंगणवाडीतली ती पोरं मला तिच्यामुळंच दिसली. आजीच्या बाबतीत मात्र मी तसं म्हणणार नाही. तिच्या जाण्यात बरं काही नव्हतं. तिला एक भाकरी हवी होती.

उंडवडीच्या मुक्कामावरून भावाला फोन केला. आधी तो चिडला. ‘उगं काय बोलतीस? म्हातारी झालती ती.’ मग बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘आक्का, तिचा उपास आसला की मला लई बरं वाटायचं. अर्धी भाकर जास्त मिळायची.’

‘मलाबी,’ मी म्हटलं.

दशमीला तो मोटारसायकलनं वाखरीला आला, पाठीमागं नातू. तिथून पंढरपूरपर्यंत तिघं पायी चाललो. पोराला सगळं त्यानंच सांगितलं. पेव कुठल्या बाजूला होतं, आजीचे वार कोणते, एवढं फक्त तो मला विचारून घेत होता.