‘फुगा कुठे आहे?’ : ऐंशी दिवसांच्या सफरीवर इंदुरी वाचकांचे आक्षेप

ज्यूल्स व्हर्नच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’बद्दल इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांची पहिली तक्रार ठरलेली असते: मुखपृष्ठावर फुगा आहे, मग आत का नाही? कारण तो कादंबरीत नाहीच. तो आला १९५६च्या सिनेमातून, आणि मुखपृष्ठांवर जो चिकटला तो चिकटलाच. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करायची पैज लावून निघालेल्या फिलिअस फॉगच्या वाट्याला पुस्तकात आगगाडी आहे, आगबोट आहे, हत्ती आहे, बर्फावरून शिडावर पळणारी गाडीसुद्धा आहे.

दुसरी तक्रार ‘फार पटकन संपलं’ ही. तिचं खापर बहुधा आवृत्तीवर फुटायला हवं. मूळ कादंबरी ३७ प्रकरणांची आहे. दुकानात उभ्या उभ्या तपासायचं असेल तर अकरावं प्रकरण उघडा. त्यात गाडी दुपारी साडेबाराला बुऱ्हाणपूरला थांबते आणि फॉगचा नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांची सपाता विकत घेतो. ही सपाता गायब असेल, तर पुस्तकावर कात्री चालली आहे असं खुशाल समजा.

आपल्याकडच्या वाचकाने हे प्रकरण नकाशा उघडूनच वाचावं. मुंबईहून रात्री निघालेली गाडी नाशिक, खानदेश करत बुऱ्हाणपूरला येते, थोडा वेळ तापीच्या काठाने जाते आणि असीरगडाकडे वळते. इंदूर-इच्छापूर रस्त्याने गेलेल्या कुणालाही तो गड परका नाही. तोपर्यंत सगळं खरं. पुढची रोठल आणि खोल्बी ही गावं शोधत बसू नका. तिथे रूळ संपतात, अलाहाबादपर्यंत पन्नास मैलांची पोकळी निघते आणि फॉग दोन हजार पौंडांना हत्ती घेतो. गोष्ट घडते १८७२च्या ऑक्टोबरात, आणि प्रत्यक्षात जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० सालीच जोडला गेला होता. रेल्वेप्रेमी वाचक इथे व्हर्नला धारेवर धरतात, ते बरोबरच आहे. पण पोकळी नसती तर हत्ती नाही, आणि हत्ती नसता तर वाटेत फॉग ज्या औदाला वाचवतो, ती औदाही नाही.

औदाबद्दल मात्र मोठ्यांचीच मतं कडक असतात. मुंबईच्या व्यापाऱ्याची पारशी मुलगी बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाला देतात काय आणि तिला सती पाठवायला निघतात काय, सगळंच परदेशातल्या टेबलावर बसून रचल्यासारखं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य. तिच्यात जीवच नाही, ही मुलींची तक्रार मात्र अर्धीच खरी. पस्तिसाव्या प्रकरणात लग्नाचं ती स्वतः विचारते, फॉग नव्हे. संक्षिप्त पुस्तकात एवढा संवाद गाळला तरी ती नुसतं सामान होऊन बसते.

सगळ्यात जास्त अडतं ते शेवटी: पैज हरलो असं समजून बसलेल्या फॉगच्या हातात एक दिवस वाढला कुठून? तोंडी समजावू नका, पृथ्वीचा गोल घ्या. पूर्वेला एक अंश सरकलं की सूर्य ४ मिनिटं आधी उगवतो. ३६० अंशांचे १४४० मिनिटं, म्हणजे २४ तास. फॉगने सूर्योदय मोजले ८०, लंडनमध्ये तेवढ्यात झाले ७९. पासपार्तूचं घड्याळ तर पहिल्यापासून लंडनच्याच वेळेवर होतं, मग त्याला कसं कळलं नाही? तबकडी बारा तासांची होती म्हणून. चोवीसची असती तर अर्ध्या वाटेवरच घोळ दिसला असता, हे व्हर्न स्वतःच सांगून जातो.

एका आक्षेपाला मात्र उत्तर नाही, आणि गणितात हुशार मूल तो काढतंच. पॅसिफिक ओलांडल्यावर फॉगची तारीख एक दिवस पुढे असायला हवी. तो ११ डिसेंबरच्या रात्री न्यूयॉर्कला पोचतो, म्हणजे तिथल्या पंचांगाने १० तारखेला. मग इंग्लंडला जाणारी ११ची बोट पाऊण तासाने कशी चुकते? ती अजून धक्क्यालाच असायला हवी. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोपासून एकाही वर्तमानपत्रावर कुणाची नजर पडू नये? व्हर्नने इथे सरळ डोळेझाक केली आहे. मुलाने पकडलं तर सारवासारव न करता चूक आहे म्हणून मोकळं व्हा, आणि बोट न चुकती तर पुढची कुठली प्रकरणं उडाली असती ते त्यालाच शोधू द्या. ‘हेन्रिएटा’ उडाली असती. कोळसा संपल्यावर फॉग जी बोट विकत घेऊन तिचंच लाकूड भट्टीत घालतो, ती हीच. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला सगळ्या पुस्तकात इतकं चांगलं दुसरं काही नाही. फक्त त्या आधी कॅप्टनला साठ हजार डॉलर देऊन बोटीचा लोखंडी सांगाडा त्याच्याकडेच ठेवायचा सौदा होतो, तो घाईत गाळू नका. कॅप्टनचा राग कसा विरघळतो ते त्यात आहे.