तुम्ही विचारलंत म्हणून : ब्लॅकबर्नचे लोक आपल्यावर का चिडलेत?

मी पुण्याचा आणि फुटबॉलवेडा, त्यामुळे हा प्रश्न मला हटकून विचारला जातो : ‘पुण्याच्या व्यंकीजने, म्हणजे त्या कोंबडीवाल्या कंपनीने, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबमध्ये एवढा पैसा ओतला, तरी तिथले लोक चिडलेलेच. मालक भारतीय आहेत म्हणूनच ना?’

कुणाच्या मनात तेही असेल. पण मुख्य दुखणं ते नाही.

आधी क्लब समजून घ्या. स्थापना १८७५ची. १८८८मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक. गावातच पोलादाच्या धंद्यात मोठे झालेले जॅक वॉकर याचे मालक झाले आणि १९९५मध्ये या छोट्या गावाने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च श्रेणी, जिंकली. वॉकर गावचे, रोव्हर्सचे जुने पाठीराखे. ते गेल्यावर क्लब त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे राहिला आणि नोव्हेंबर २०१०मध्ये २.३ कोटी पौंडांना व्यंकीजकडे आला.

महिन्याभरातच अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं. पुढच्या वर्षी अध्यक्ष जॉन विल्यम्सही गेले. मे २०१२मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात कोंबडी सोडली होती. त्यानंतर जे झालं ते मला जास्त लागतं. हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. बर्गनी कराराचे पैसे मागितले, तेव्हा आपल्याच व्यवस्थापकीय संचालकाला तो करार करायचा अधिकार नव्हता, असं क्लबने कोर्टात मांडलं. कोर्टाने ते मानलं नाही. सुमारे साडेबावीस लाख पौंड भरावे लागले. क्लबमध्ये शब्द कुणाचा चालतो हे संचालकांनाच ठाऊक नसेल, तर वर्षानुवर्षं हंगामाचं तिकीट काढणाऱ्या माणसाने कुणाला विचारायचं?

पैशाबाबत मात्र मी मालकांची बाजू घेईन. संघ २०१७मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला तरी त्यांनी हात आखडला नाही. वर्षभरात संघ परत दुसऱ्या श्रेणीत आला. तोटा तेच भरत आलेत. पण तिथली धास्ती इथूनच सुरू होते. अलीकडे ईडीच्या चौकशीमुळे भारतातून पैसा पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. म्हणजे लँकेशायरमधला क्लब सुरळीत चालणार की नाही, हे दिल्लीतल्या तारखांवर आलं! आपला एखादा क्लब असा परदेशातल्या कोर्टावर अवलंबून असता, तर आपल्याला झोप लागली असती?

इंग्लंडमध्ये २०२५च्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामक आला आहे. मालकांची पारख होईल, महत्त्वाच्या निर्णयांत पाठीराख्यांचं म्हणणं ऐकावं लागेल. पण मालकांनी कायद्याची वाट कशाला पाहायची? एखाद्या शनिवारी क्लबच्या मैदानावर, ईवूड पार्कवर जावं, सामना संपल्यावर पाठीराख्यांसमोर बसावं आणि विचारलं जाईल त्याचं उत्तर द्यावं, असं एक पुणेकर म्हणून मला फार मनापासून वाटतं.