शनिवारची सीट

बाहेरगावी डायलिसिस करून घ्यायचं असेल, तर व्हायरल मार्करच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंच्या तपासणीच्या, रिपोर्टची मुदत अर्ज दिल्याच्या दिवसापर्यंत मोजत नाहीत, तिथल्या डायलिसिसच्या दिवसापर्यंत मोजतात. निदान आमच्या वेळी तरी तसंच होतं. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर आमचे सतरा दिवस वाचले असते. बाबांना जाऊन आता दीड वर्ष झालं, तरी लॅबची ती काचेची खिडकी आठवली की माझं डोकं अजून तापतं.

बाबांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते आणि माझी धाकटी बहीण शाळेत होती. पुढची सात वर्षं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्यांनी मुद्दाम सकाळी सहाची शिफ्ट मागून घेतली होती. दुपारी ते अगदी गळून पडायचे, पण संध्याकाळी धाकटीच्या गणिताच्या वेळेला उठून बसलेले असायचे. रात्री झोपण्याआधी ती त्यांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवायची. फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेची, थरथर लागली की "चालू आहे" म्हणायची, मगच दिवा बंद व्हायचा. ती थरथर रोज तपासायचीच असते, आणि लागली नाही तर लगेच डायलिसिस युनिटला कळवायचं असतं. आमच्या घरात ते काम धाकटीचं होतं. ती शिकायला बाहेरगावी गेल्यावर बाबा रोज रात्री स्वतः हात लावून बघायचे आणि तिला फोनवर सांगायचे, "चालू आहे."

तिच्या पदवीदानाचं पत्र आलं. समारंभ शनिवारी दुपारी चारला, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. शनिवारचं डायलिसिस चुकवलं की गुरुवारनंतर थेट मंगळवार, म्हणजे पाच दिवस. आठवड्यातल्या तीन पाळ्यांमध्ये एरवीही एक खंड मोठा पडतोच, आणि पाणी नि पोटॅशियम साचून हृदयाला सगळ्यात जास्त धोका असतो तो त्याच खंडाच्या शेवटी. तो आणखी वाढवायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "तिथे सकाळची शिफ्ट असते का?"

असते, असं तिथल्या युनिटने पहिल्याच फोनवर सांगितलं. सीटही होती. अर्ज आला तो आमच्या टेक्निशियनने अर्ध्या तासात भरून दिला: ड्राय वेट (साचलेलं पाणी काढल्यावरचं वजन), डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) कोणता, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किती, सुया कोणत्या मापाच्या, मागच्या तीन सेशनचे चार्ट. सोबत हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा रिपोर्ट जोडला. तो वीस दिवसांपूर्वीचा होता. अर्जावर 'तीस दिवसांच्या आतला' असं छापलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते.

नवव्या दिवशी अर्ज परत आला. समारंभाच्या शनिवारी रिपोर्ट शेहेचाळीस दिवसांचा झाला असता.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. हे विषाणू रक्तातून पसरतात, हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाला मशीन वेगळं द्यावं लागतं, आणि नव्याने झालेला संसर्ग सुरुवातीला तपासणीत दिसतोच असं नाही. परक्या गावच्या युनिटने ताजा रिपोर्ट मागितला तर तो मागायलाच हवा. पण अर्ज घेताना ती तारीख त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तेव्हाच फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी रक्त दिलं असतं.

मग नवी तपासणी. आमच्याकडे ती दर तीन महिन्यांनी व्हायची, मध्येच करायची तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि डॉक्टर चार दिवस रजेवर. चिठ्ठी मिळाली, रक्त मशीनला जोडतानाच घेतलं (वेगळी सुई टोचू देऊ नका, हे आधी सांगून ठेवा), रिपोर्ट आला. त्यावर बाबांचं नाव फक्त आद्याक्षरांनी छापलं होतं. अर्जावर पूर्ण नाव.

लॅबच्या खिडकीतल्या माणसाने कागद फिरवून घेतला, नावाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि काचेखालून परत सरकवला. "युनिटकडून पत्र आणा." युनिटमध्ये गेले तर म्हणाले, नाव लॅबने टाकलंय, लॅबच दुरुस्त करेल. पुन्हा खिडकी. "सुपरवायझर आल्यावर." सुपरवायझर कधी येतील? "उद्या या." उद्या गेले तर सही करणारे वेगळे, ते जेवायला गेलेले. या मजल्यावरून त्या मजल्यावर मी चार दिवस कागद घेऊन फिरत होते, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. एका आद्याक्षरासाठी. आपलं पूर्ण नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच पहिल्या दिवसापासून प्रत्येक रिपोर्टवर यावं, यासाठी हट्ट धरा. आमच्या फाइलमध्ये सात वर्षांचे रिपोर्ट होते आणि बाबांचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. ते आमच्यापैकी कुणालाच कधी खटकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, डायलिसिस संपल्यावर बाबा माझ्याबरोबर खिडकीपाशी आले. मी घरी जा म्हणत होते. ते बाकावर बसले, उजव्या अंगठ्याने डाव्या हातावरचा कापूस दाबून धरत. शेजारी एक नवा पेशंट होता, दुसऱ्याच आठवड्यातला, घाबरलेला. बाबा त्याला सांगू लागले: 1960 साली सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवायची युक्ती काढली, तेव्हा कुठे मूत्रपिंडं कायमची गेलेल्या माणसाला वर्षानुवर्षं डायलिसिस मिळू लागलं. पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स अकरा वर्षं जगला. आणि आपल्या हातातली फिस्टुला तर 1966 पासूनची, सिमिनो आणि ब्रेशिया यांची. हे सगळं ते नव्या प्रत्येक पेशंटला सांगायचे, तेच, त्याच क्रमाने. मी नेहमी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्या दिवशी रांगेत उभं राहून पूर्ण ऐकलं.

शेवटी काम केलं ते युनिटच्या सिस्टरनी. शिफ्ट संपवून घरी निघाल्या होत्या, आम्हाला अजून बाकावर बघून थांबल्या, माझ्या हातातला कागद घेतला आणि थेट आतल्या दाराने लॅबमध्ये गेल्या. वीस मिनिटांत नवा रिपोर्ट, पूर्ण नावाचा. त्या क्षणी मला रडू आलं. बाबांनी त्यांना हात जोडले तेव्हा कापूस सुटला आणि पुन्हा दाबत बसावं लागलं.

एक राहिलं. परत आल्यावर आपलं युनिट हीच तपासणी पुन्हा मागू शकतं, त्याची चिठ्ठी जातानाच घेऊन ठेवा. रक्तवाढीचं इंजेक्शन न्यायचं तर बर्फाच्या डब्यात. आणि तिथे पोचल्यावर वजन त्यांच्या काट्यावर करून घ्या, पण आपल्या काट्याचा आकडाही सांगा.

प्रवास, मुक्काम, सकाळी सहाची सीट, सगळं सुरळीत झालं. सव्वादहाला सुया निघाल्या, दुपारभर बाबा झोपले, साडेतीनला आम्ही सभागृहात होतो. त्यांनी सैल बाह्यांचा शर्ट घातला होता, डावी बाही पट्टीवरून नीट खाली ओढलेली.

धाकटीचं नाव पुकारलं. पट्टी हलू नये म्हणून डावा हात मांडीवर तसाच ठेवून ते उजव्या तळव्याने माझा गुडघा बडवत राहिले, ती मंचावरून उतरून दिसेनाशी होईपर्यंत. रात्री मुक्कामी तिने गाऊन काढून ठेवला आणि आधी त्यांच्यापाशी येऊन बसली. बाही वर केली, पट्टीच्या जरा वर दोन बोटं टेकवली.

"चालू आहे," ती म्हणाली.