कारवानीच्या बरगड्या दिसल्याच पाहिजेत

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या हरणी नावाच्या कुत्रीला फिरायला काढलं की कुणीतरी थांबवतंच. "भाभी, इसको खिलाते नहीं क्या?" मराठी शेजारी जरा हळू विचारतात, "आजारी होती का हो?" इंदूरच्या माणसाला समोरचं कुणी उपाशी असेल हे सहनच होत नाही, त्यामुळे विचारणाऱ्यांचा राग येत नाही. पण खिशातून बिस्किट निघालं की मी आडवी येते. हरणी कारवानी जातीची, शिकारी कुत्री आहे. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब निमुळतं तोंड. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात म्हणजे तब्येत ठीक आहे. लॅब्रेडॉर बघून बघून निरोगी कुत्रं म्हणजे गुबगुबीत कुत्रं असं आपल्या मनात बसलंय. कारवानीला तसं केलं की त्याच्या सांध्यांवर भार येतो आणि पळणं जातं.

माझ्या मामेभावाने ती लातूरजवळच्या औशाकडून आणली. लातूर-सोलापूरकडे या कुत्र्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, कानाशेपटीला लांब केस असले तर पश्मी. मध्य आशियातून आलेल्या काफिल्यांबरोबर यांचे पूर्वज आले, असं मानतात. कर्नाटकात हेच मुधोळ. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर जमातीच्या शिकाऱ्यांकडची ही कुत्री पाहिली आणि निवडून जोपासली, म्हणून संस्थानाचं नाव लागलं. 2005 साली मुधोळचं टपाल तिकीटही निघालं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा एक केनेल क्लब कारवान लिहितो, दुसरा मुधोळ, आणि त्यावरून लोक भांडतात. मला त्यात रस नाही.

मला रस आहे तो तिच्या डोळ्यांत. हे कुत्रं वासावर नाही, नजरेवर शिकार करतं. दूरवर काही हललं की हरणीची मान ताठ होते, कान मागे जातात, आणि त्या क्षणी तिच्यापर्यंत माझी हाक पोहोचत नाही. हा हट्टीपणा नव्हे. सशामागे धावताना मालकाच्या हुकमाची वाट बघणारं कुत्रं माळरानावर कुणाच्या कामाचं होतं? पिढ्यान्‌पिढ्या स्वतः ठरवणारीच निवडली गेली. म्हणून उघड्यावर पट्टा सोडायचा नाही, कधीच नाही. स्कूटरमागे मांजर पळालं तरी ही रस्ता ओलांडणार. साधा पट्टाही चालत नाही, कारण डोकं मानेपेक्षा अरुंद, झटका दिला की निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा घ्यावा.

शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, ते योग्यच झालं. इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारकोठी अजून उभी आहे, भोवती आता अभयारण्य आहे. पण पाय तर तेच राहिले. राऊच्या पुढे ओळखीच्यांचं कुंपण घातलेलं शेत आहे, तिथे तिला मोकळी सोडते. चारही पाय एकाच झेपेत दोनदा जमिनीवरून सुटतात. एकदा अंगाखाली गोळा होऊन, एकदा पूर्ण पसरून. हे पाहिल्याशिवाय कारवानी कळत नाही. जेवण झाल्यावर मात्र अजिबात पळवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो.

घरी ती दिवसभर झोपते. अंगावर चरबी नाही, म्हणून कोपरांना घट्टे पडू नयेत यासाठी जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, आणि जानेवारीत अंगरखा. आहारात ज्वारीची भाकरी, अंडी, उकडलेलं कोंबडीचं मांस. गोचीड रोज बोटांनी शोधायची. आखूड केसांत पटकन सापडते. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर ही शिकारी जात आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण चरबी कमी असल्याने भुलीची काही औषधं यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत.

स्वभावाने ती अबोल आहे. पाहुण्यांच्या अंगावर उड्या नाहीत, शेपटीचा गोंधळ नाही. अनोळखी माणसाने वरून डोक्यावर हात ठेवलेला तिला आवडत नाही, ती एक पाऊल मागे सरते, आणि मी मुलांना सांगते, "बाळा, आधी तिला येऊ दे." सासऱ्यांशी, म्हणजे आमच्या अण्णांशी, तिची ओळख व्हायला महिने गेले. आता ते पेपर वाचायला बसले की ती त्यांच्या खुर्चीला पाठ टेकून बसते, आणि मी बोलावलं तरी उठत नाही. रागावून ओरडलं तर दिवसभर दूर राहते. मार तर या कुत्र्याला अजिबात देऊ नये, भीती बसली की ती निघत नाही.

परवा एकांनी फ्लॅटसाठी पिल्लू मागितलं, दोघेही नवराबायको नोकरीवर. मी नाही म्हटलं. ज्यांच्याकडे कुंपण घातलेली जागा आहे आणि सकाळी तासभर द्यायची तयारी आहे, त्यांनी जरूर विचारा. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहूनच घ्या.