आप्पांच्या मांडीची सोनोग्राफी

सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाई नाहीतर मुतखडा, आमच्या खानापूर भागात एवढंच डोक्यात असतं, त्यामुळं आयसीयूत आप्पांच्या मांडीची सोनोग्राफी करायची म्हटल्यावर आम्हाला काय कळेना. त्यात सिस्टर म्हणाल्या "तोडे नोडबेकु" आणि आई मटकन खालीच बसली, तिला वाटलं पाय तोडणार. तोडे म्हणजे कन्नडमध्ये मांडी, मांडी बघायची आहे म्हणायलेत, हे तिला पटेपर्यंत माझाच जीव घशात आला होता.

भाताच्या लावणीत आप्पांना न्यूमोनिया झाला, त्याचं सेप्सिस झालं, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं अंगच बिघडलं, किडनीवर आलं, बेळगावला नेलं तेव्हा थेट व्हेंटिलेटर.

आयसीयूत पडून राहून मांडीचा स्नायू किती झिजतोय ते मोजायला ही सोनोग्राफी होती, फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला जवळ उभं करून सगळं दाखवलं. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायचा, वरून दोन तृतीयांश अंतरावर पेनानं खूण करायची, आणि ती खूण पुसू द्यायची नाही, कारण जागा जराशी सरकली तरी आकडा बदलतो. जेली भरपूर घालायची, प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, नुसता टेकवायचा, दाबला तर स्नायू चपटा होतो बगा. पडद्यावर खाली हाडाची पांढरी रेघ दिसते आणि वरच्या बाजूला काळसर लांबट गोल, तो रेक्टस फेमोरिस, मांडीच्या पुढचा स्नायू. त्याच्या कडेनं रेघ फिरवली की क्षेत्रफळ येतं. रेडिएशन नाही, पेशंटला खाटेवरनं हलवायला लागत नाही.

पहिल्या दिवशी ५.२ चौरस सेंटिमीटर आलं, सातव्या दिवशी ४.४, दहाव्या दिवशी ४.२. काळसर होता तो स्नायू पांढुरका दिसायला लागला, मॅडम म्हणाल्या स्नायूचा पोत बिघडायला लागलाय. मला हे खरंच वाटेना, कारण सलाइननं आप्पांचे पाय सुजून उलट भरल्यासारखे दिसत होते आणि आम्ही घरचे समाधानात होतो, पाय तरी चांगले आहेत म्हणून! सूज जास्त असली तर सोनोग्राफीचा आकडासुद्धा थोडा फसवतो, म्हणून एका आकड्यावर जायचं नाही, परत परत मोजायचं.

इंग्लंडमध्ये ६३ पेशंटवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये आलाय, त्यात १० दिवसांत हा स्नायू सरासरी १७.७ टक्के घटला होता, आणि एकापेक्षा जास्त अवयव बिघडलेल्यांचा जास्त. आप्पांचं १९ टक्के झालं होतं.

मशीननं बरं कोण होत नाही, पण आकडा समोर आल्यावर पुढचं सगळं नेटानं झालं. नळीतून जाणारं प्रोटीन हळूहळू वाढवत किलोमागं रोज १.३ ग्रॅमपर्यंत नेलं, म्हणजे ६० किलोच्या आप्पांना ७८ ग्रॅम. नुसतं प्रोटीन घालून भागत नाही, स्नायूला काम पाहिजे, असं मॅडमनी मला दोनदा सांगितलं. गुंगीचं औषध कमी केलं, आधी पाय वाकवून घेणं, मग दोघांनी धरून खाटेच्या कडेला बसवणं. पहिल्या दिवशी आप्पा दोन मिनिटंसुद्धा बसले नाहीत, मान सावरेना, आई दाराबाहेर रडत उभी.

घरी अंडी, ताक, कुळथाचं कळण, आणि रोज खुर्चीतनं दहादा उठबस, ती आईच मोजायची. तीन महिन्यांनी परत मोजलं तर ४.८. त्या दिवशी बसमधनं उतरून आप्पा घरापर्यंत चालत आले, वाटेत दोनदा थांबले, पण माझा हात धरला नाही.