चार चोरांचं व्हिनेगर

फ्रान्समधल्या मार्सेय शहरात नोआयच्या बाजाराजवळ जडीबुटीच्या दुकानात एक बाटली दिसते, ‘चार चोरांचं व्हिनेगर’. घटकांची यादी वाचली तर अर्धा आपलाच बटवा. लसूण, कापूर, लवंग, दालचिनी, जायफळ, सताप आणि चक्क वेखंड! सोबत रोझमेरी, सेज, पुदिना, लॅव्हेंडर आणि आपल्या दवण्याच्या कुळातलं, पण भयंकर कडू, वर्मवुड. हे सगळं व्हिनेगरमध्ये मुरवायचं आणि गाळून घ्यायचं. प्रत्येक दुकानाची कृती थोडी वेगळी, आणि ‘मूळ’ मात्र प्रत्येकाचीच.

गोष्ट अशी. शहरात प्लेग, माणसं पटापट मरताहेत, आणि चार चोर बिनधास्त मेलेल्यांची, मरणाऱ्यांची घरं लुटताहेत. त्यांना काहीच होत नाही. पकडले गेल्यावर न्यायाधीश विचारतात, जगलात कसे? चोर म्हणतात, हे व्हिनेगर अंगाला चोळत होतो. मार्सेयचे लोक ही गोष्ट १७२० च्या प्लेगची म्हणून सांगतात, तुलूजचे १६२८-३१ च्या साथीची म्हणून. तुलूजच्या चोरांना जिवंत जाळायची शिक्षा झाली होती, गुपित सांगितलं म्हणून फाशीवर भागलं. काय ती दया! दुसऱ्या कथांत ते चक्क सुटतात.

चोर खरे असोत-नसोत, १७२० चा प्लेग खरा. २५ मे रोजी ‘ग्राँ-सँ-आंतुआन’ हे जहाज सीरियाच्या किनाऱ्याकडून कापड आणि कापूस घेऊन मार्सेयला आलं. वाटेतच खलाशी मेले होते. तरीही माल इथल्या क्वारंटाईनच्या गोदामांत उतरवला गेला, कारण बोकेरची मोठी जत्रा तोंडावर होती आणि त्या मालात शहराच्या एका बड्या अधिकाऱ्याचाच पैसा अडकला होता. पुढे सुमारे ९०,००० वस्तीच्या शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं गेली.

व्हिनेगर तेव्हा सगळीकडेच होतं. रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून पसरतो असा समज होता, म्हणून उग्र वास हेच औषध. नाणी व्हिनेगरमध्ये बुडवून घ्यायची, पत्रांना चिरा पाडून त्यावर शिंपडायचं, नाकाशी भिजवलेला बोळा धरायचा. खरं कारण कळायला अजून पावणेदोनशे वर्षं होती: येर्सिन या शास्त्रज्ञानं १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जिवाणू शोधला, आणि १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं की तो उंदरांच्या पिसवांतून पसरतो. सिमाँ भारतात आला तोच मुळी मुंबईच्या साथीमुळे. त्याच साथीनं पुण्यात १८९७ मध्ये सावित्रीबाई फुल्यांना नेलं. तेव्हा या बाटलीशी आपलं नातं फक्त वेखंडापुरतं नाही.

त्या उग्र वासानं पिसवा लांब राहिल्या असतील असा तर्क हल्ली बरेच जण करतात. असेलही. पण मला या गोष्टीत चोरांपेक्षा दुसरीच माणसं दिसतात. ला तूरेत नावाच्या चौकात तीन आठवडे प्रेतं उन्हात सडत पडली होती, हजाराच्या वर. शेवाल्ये रोझ नावाच्या अधिकाऱ्यानं १६ सप्टेंबरला ती जुन्या बुरुजांच्या पोकळीत ढकलायला लावली. त्यासाठी वापरले गलबतांवर वल्ही मारणारे कैदी. तोंडाला व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी बांधून त्यांनी ते काम केलं. प्रेतं उचलणाऱ्यांना लोक ‘कावळे’ म्हणत, ‘चोर’ही म्हणत. सुटकेच्या आमिषानं या कामाला आणलेल्या कैद्यांतले बहुतेक जण प्लेगनंच मेले. म्हणजे व्हिनेगरनं गुन्हेगारांना वाचवल्याची कथा सांगणाऱ्या याच शहरात, व्हिनेगर लावलेले गुन्हेगार मात्र वाचले नाहीत. मला तरी ती दंतकथा या कैद्यांवर केलेल्या अन्यायासारखी वाटते. रोझचं नाव राहिलं, साथीत रुग्णांची सेवा करणाऱ्या बिशप बेलझँसच्या नावाचा तर मोठा रस्ता आहे. कैद्यांची नावं इथल्या कुणालाच सांगता येत नाहीत.

आता हे व्हिनेगर लोक मालिशला, किडे पळवायला वापरतात. कुणी घरी करायच्या विचारात असेल तर एवढंच: सतापाचा रस अंगाला लागून उन्हात गेलात तर फोड येतात, आणि गरोदर बाईनं सतापापासून लांबच राहावं. कापूर घातलेलं व्हिनेगर पोटात घेऊ नका, आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.